‘स्मोकजंपर’ या शब्दाची कुळकथा

माणसांच्या कुळांचा जसा इतिहास असतो, तसाच शब्दांच्या कुळांचाही असतो. कोणता शब्द कोणाच्या घरीं जन्मला, त्याचें पालनपोषण कोणीं केलें, आणि आज तो जो अर्थ मिरवीत आहे तो त्यास केव्हां प्राप्त झाला, हें पाहूं लागलें म्हणजे कोशांतील कोरडीं पानेंही गोष्टीच्या पुस्तकासारखीं वाटूं लागतात. समासांचे प्रकार पाठ करतांना आमच्या विद्यार्थी वाचकांस कंटाळा येतो, हें आम्ही जाणून आहों. म्हणून आज आम्हीं असा एक इंग्रजी सामासिक शब्द निवडला आहे कीं, ज्याचा विग्रह चुकला तर केवळ परीक्षेंतील गुणच जात नाहींत, तर एका धाडसी धंद्याचें मर्मच हातचें निसटतें. तो शब्द म्हणजे ‘स्मोकजंपर’.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागांत मोठमोठ्या पर्वतांच्या रांगा आहेत, आणि त्यांवर शेंकडों मैल पसरलेलीं देवदार व पाइन वृक्षांचीं अरण्यें आहेत. तेथें उन्हाळ्यांत वीज पडून वणवे लागतात. ज्या ठिकाणीं सडक नाहीं, पायवाटही धड नाहीं, अशा ठिकाणीं विमानांतून हवाई छत्रीच्या साह्यानें उतरून वणवा विझविणारा जो मनुष्य, त्यास इंग्रजींत ‘स्मोकजंपर’ म्हणतात. ‘स्मोक’ म्हणजे धूर आणि ‘जंपर’ म्हणजे उडी मारणारा. (आपल्या वडील पिढींतील स्त्रियांस ‘जंपर’ या नांवाचें एक वस्त्र ठाऊक होतें, परंतु तो ‘जंपर’ निराळ्या मुळाचा. त्याचा उडीशीं कांहीं संबंध नाहीं.) तेव्हां कोणीही चटकन म्हणेल, ‘‘धुरांत उडी मारणारा, तो स्मोकजंपर. सप्तमी तत्पुरुष समास. सुटला प्रश्न!’’

परंतु प्रश्न इतक्या सहज सुटत नाहीं. कारण हे लोक धुरांत उडी मारीतच नाहींत. धुरांत उडी घेणारा मनुष्य गुदमरून मरेल. आग विझविणें तर दूरच राहिलें. ते धुरापासून अंतर राखून, वाऱ्याचा रोख पाहून, एखादी मोकळी जागा हेरून तेथें उतरतात. मग त्यांच्या नांवांत धूर आला कोठून? आणि काम आग विझविण्याचें असतां त्यांचें नांव आगीवरून न पडतां धुरावरून कां पडलें? हेंच आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम व्याकरणाची थोडी उजळणी करूं. समासांत दोन पदें जवळ येतात आणि त्यांचा संबंध दाखविणारा प्रत्यय किंवा शब्द गळून पडतो. ‘तोंडपाठ’ म्हणजे तोंडानें पाठ, ‘जन्मखोड’ म्हणजे जन्मापासून असलेली खोड, ‘घरधनी’ म्हणजे घराचा धनी. कोणता प्रत्यय गळला हें समास स्वतः सांगत नाहीं. तें व्यवहारावरून ओळखावें लागतें. इंग्रजींतही हाच प्रकार. ‘फायरमन’ हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आगीच्या बंबावरील मनुष्य तो फायरमन; आणि वाफेच्या आगगाड्या चालत असत त्या काळीं एंजिनाच्या भट्टींत फावड्यानें कोळसा टाकणारा तोही फायरमनच. एक आग विझविणारा, दुसरा आग पेटती ठेवणारा. परंतु दोघांचें नांव एक! ‘आग’ आणि ‘माणूस’ हीं दोनच पदें शब्दांत आहेत. मधला संबंध ज्याचा त्यानें जाणावयाचा. तेव्हां ‘धूर’ आणि ‘उडी मारणारा’ यांच्या मधला संबंधही शब्दाकडे टक लावून सांपडणार नाहीं. त्यासाठीं ज्या अरण्यांत तो शब्द जन्मला तेथेंच गेलें पाहिजे.

आपल्या न्यायशास्त्रांत अनुमानाचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. समोरच्या पर्वतावर धूर दिसतो. जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि, हें आपण स्वयंपाकघरांत पाहिलेलें असतें. म्हणून त्या पर्वतावर अग्नि आहे, असें आपण ठरवितों. शेंकडों वर्षें आपल्याकडील विद्यार्थी हें उदाहरण घोकीत आले. अमेरिकेच्या अरण्यांत मात्र कांहीं माणसें हेंच अनुमान करण्यासाठीं पगार घेऊन उन्हाळाभर पर्वतशिखरांवर राहत असत. वनखात्यानें उंच शिखरांवर लांकडी मनोरे उभारले होते. प्रत्येक मनोऱ्यांत एक टेहळ्या, एक दूरध्वनि आणि गोल नकाशावर बसविलेलें दिशा पाहण्याचें एक यंत्र असे. दूर कोठें धुराची रेघ उठली कीं टेहळ्या त्या यंत्रांतून नेम धरी आणि तिची दिशा कळवी. दुसऱ्या मनोऱ्यावरचा टेहळ्या आपल्या ठिकाणाहून तोच धूर पाहून आपली दिशा कळवी. कचेरींतील मनुष्य नकाशावर दोन्ही रेषा ओढी; त्या जेथें परस्परांस छेदीत, तेथें आग. भूमितींतील दोन रेषांचा छेदनबिंदु असा वनरक्षणाच्या कामीं येत असे.

आतां या टेहळ्यास ज्वाला दिसत नसे. पंधरा-वीस मैलांवरून झाडांच्या दाटींतील लहानशी आग दिसणार तरी कशी? त्यास दिसे तो फक्त धूर. त्यामुळें त्या लोकांच्या बोलण्यांत ‘स्मोक’ हा शब्दच ‘नवी लागलेली आग’ या अर्थानें येऊं लागला. आपण ‘एक वणवा, दोन वणवे’ असें म्हणतों, तसे ते ‘एक धूर, दोन धूर’ असें मोजूं लागले. येथें आपल्या कोड्याचा पहिला धागा सुटतो. या धंद्यांतील लोकांच्या तोंडीं धूर म्हणजे आगीची अगदीं पहिली अवस्था. जी अद्याप मोठी झाली नाहीं, जी एक-दोन माणसांस आंवरतां येईल, अशी आग.

ही पहिली अवस्था पकडण्याची एवढी तळमळ कां, हें कळण्यासाठीं १९१० सालाकडे वळलें पाहिजे. अमेरिकेचें वनखातें १९०५ सालीं स्थापन झालें. त्यानंतर पांचच वर्षांनीं, १९१० च्या कोरड्या उन्हाळ्यांत, आयडाहो व माँटाना या संस्थानांत शेंकडों लहानमोठ्या आगी धुमसत होत्या. तारीख २० व २१ ऑगस्ट रोजीं सोसाट्याचा वारा सुटला आणि त्या सर्व आगी एकमेकींस मिळाल्या. दोन दिवसांत सुमारें तीस लक्ष एकर अरण्य जळून गेलें. पंचाऐंशींच्या सुमारास माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांतील बहुतेक आग विझविण्यासाठीं गेलेलीं होतीं. त्या प्रलयांत एड पुलास्की नांवाच्या एका वनाधिकाऱ्यानें आपल्या हाताखालच्या चाळीसांवर माणसांस एका जुन्या खाणीच्या बोगद्यांत नेलें आणि त्यांतील बहुतेकांचे प्राण वांचविले. एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळ असें जें हत्यार आज वणवे विझविणाऱ्यांच्या हातीं असतें, त्यास याच गृहस्थाचें नांव मिळालें आहे.

या आपत्तीपासून वनखात्यानें एक धडा घेतला : आग मोठी झाल्यावर तिच्याशीं लढणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय, तेव्हां धूर दिसतांच माणूस तेथें पोंचला पाहिजे. या कामासाठीं जो मनुष्य नेमीत त्यास म्हणत ‘स्मोकचेसर’, म्हणजे धुराचा पाठलाग करणारा. आपल्या शब्दाचा हा वडील भाऊ. टेहळ्याकडून दिशा कळली कीं हा मनुष्य पाठीवर शिधा, फावडें, कुऱ्हाड, नकाशा व होकायंत्र घेऊन निघे. प्रसंगीं रात्रभर चाले, डोंगर चढे, नाले ओलांडी आणि तो एकुलता एक धूर शोधून काढी. तेथें एखादें वीज पडलेलें झाड धुमसत असे. तें तोडून, भोंवतालचा पाला व फांद्या खरवडून काढून, उघड्या मातीचा पट्टा करून तो आग कोंडी. अशा पट्ट्यास आपल्याकडे जाळरेषा म्हणतात. आग पूर्ण थंड झाली म्हणजे गडी परत फिरे.

‘पाठलाग करणारा’ हें नांव किती यथार्थ होतें पाहा! पाठलागांत नेहमींच दोघे असतात : एक पुढें पळणारा, दुसरा मागून धांवणारा. माणूस डोंगर चढत असतां आगही स्वस्थ बसत नसे. सरळ रेषेंत दहा मैलांवर असलेला धूर गांठण्यास पायवाटेनें दोन-दोन दिवस लागत. आणि स्मोकचेसर पोंचेपर्यंत धुराचा वणवा झालेला असे. तशांत १९३५ सालीं वनखात्यानें असा दंडक घातला कीं, कोणतीही आग दिसल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजण्याच्या आंत आटोक्यांत आलीच पाहिजे. हुकूम कागदावर लिहिणें सोपें. परंतु माणसाच्या पायांस कांहीं पंख फुटत नाहींत.

पायांस पंख फुटत नाहींत हें खरें, पण माणसास विमानांतून उतरवितां येईल कीं नाहीं, हा विचार वनखात्यांतील कांहीं लोकांच्या मनांत घोळत होता. १९३४ सालीं टी. व्ही. पिअर्सन नांवाच्या अधिकाऱ्यानें हवाई छत्रीनें माणसें उतरविण्याची सूचना केली, आणि यूटा संस्थानांत उडीचे कांहीं प्रयोगही झाले. परंतु हें काम फार धोक्याचें म्हणून तो विचार मागें पडला. त्या काळीं हवाई छत्रीनें उडी मारणारे लोक म्हणजे बहुधा जत्रांतून व विमानांच्या खेळांतून प्रेक्षकांचीं मनें थरारविणारे करामती लोक. त्यांनाच ‘जंपर’ म्हणत. असले लोक थोडेफार वेडेच असतात, अशा आशयाचें मत वनखात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें १९३५ सालीं लिहून ठेवलें आहे. पुढें विमानांतून पाणी व रसायनें टाकून आग विझविण्याचा प्रयत्न झाला. पण त्या वेळच्या साधनांनीं तो साधला नाहीं. तेव्हां त्या प्रयोगांसाठीं मंजूर झालेल्या रकमेपैकीं जी शिल्लक राहिली होती, ती पुन्हा हवाई छत्रीकडे वळविण्यांत आली.

१९३९ सालच्या शरदॠतूंत वॉशिंग्टन संस्थानांतील विन्थ्रॉप या गांवाजवळ हे प्रयोग झाले. आधीं पुतळे टाकून पाहिले, मग माणसें उतरलीं. सुमारें साठ उड्या झाल्या, आणि कोणासही भारी दुखापत झाली नाहीं. उडी मारणाऱ्याच्या अंगांत जाड, मऊ अस्तर लावलेला पोशाख, डोक्यास शिरस्त्राण, आणि फांद्यांनीं डोळे फुटूं नयेत म्हणून तोंडावर तारेची जाळी असे. छत्री झाडांत अडकली तर खालीं उतरण्यासाठीं पोशाखाच्या खिशांत दोर ठेवलेला असे. या प्रयोगांतील एक गोष्ट आम्हांस फार आवडते. झाडांत अडकून पडलेल्या उडीबहाद्दरांस सोडवून आणण्यासाठीं फ्रान्सिस लफकिन नांवाचा एक स्थानिक गडी नेमला होता. त्याचें काम झाडावर चढण्याचें. परंतु दुसऱ्यांस उतरवितां उतरवितां त्यास स्वतःलाच उडीची हौस वाटूं लागली, आणि प्रयोग संपण्यापूर्वीं तोही विमानांतून उडी मारूं लागला.

‘जंपर’ हा शब्द असा खेळाच्या मैदानांतून अरण्यांत आला. एकीकडे ‘स्मोकचेसर’ हा वनखात्याच्या तोंडांत बसलेला जुना शब्द. दुसरीकडे ‘जंपर’ हा नवा मनुष्य. धूर तोच, त्याच्याकडे जाण्याची रीति मात्र बदलली. जुन्या शब्दाच्या साच्यांतून ‘पाठलाग करणारा’ हें पद काढून तेथें ‘उडी मारणारा’ हें पद बसविलें कीं झाला ‘स्मोकजंपर’. लिहिण्याच्या तऱ्हेंतही या शब्दानें इतर इंग्रजी समासांचीच वाट धरली. आरंभीं दोन पदें सुटीं लिहीत. कोणी मध्यें लहान आडवी रेघ देत. पुढें दोन्ही पदें जोडून एकच शब्द लिहिण्याचा प्रघात पडला. नवें सोयरपण जुनें झालें म्हणजे मधला संकोच नाहींसा होतो, तसाच हा प्रकार.

तारीख १२ जुलै १९४० हा या धंद्याचा खरा जन्मदिवस. त्या दिवशीं आयडाहो संस्थानांतील नेझ पर्स नांवाच्या अरण्यांत मार्टेन ओढ्याजवळ आग लागली होती. प्रथम रूफस रॉबिन्सन यानें व त्याच्या पाठोपाठ अर्ल कूली यानें विमानांतून उडी घेतली. कूलीच्या छत्रीच्या दोऱ्यांस पीळ पडला होता, आणि तो मोठ्या वेगानें खालीं येऊं लागला; परंतु छत्री वेळेवर उघडली व तो एका उंच झाडाच्या फांद्यांत येऊन अडकला. तेथून खालीं उतरून दोघांनीं फावडीं उचललीं आणि सकाळपर्यंत आग आटोक्यांत आणली. जें काम पायीं जाणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं सुरूही करतां आलें नसतें, तें संपलें होतें.

एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. नांवांत उडी असली तरी उडी हा या कामाचा अगदीं थोडा भाग आहे. आग दिसलेल्या ठिकाणावर विमान घिरट्या घालूं लागतें, तेव्हां एक अनुभवी मनुष्य विमानाच्या दारांतून रंगीत कागदाच्या लांब पट्ट्या खालीं सोडतो. त्या कोणीकडे वाहत जातात यावरून वाऱ्याची दिशा व जोर ओळखतात, आणि मग उडीची जागा ठरते. गोल छत्री असली तर सुमारें दीड हजार फुटांवरून उडी घेतात. जमिनीस पाय लागण्यास एक-दोन मिनिटेंच पुरतात. मागून हत्यारें, पाणी आणि सुमारें दोन दिवसांचा शिधा छत्रींनींच खालीं येतो. यापुढें खरें काम सुरू होतें, आणि तें जुन्या स्मोकचेसरच्या कामाहून मुळींच निराळें नाहीं : झाडें तोडणें, माती खरवडणें, जाळरेषा काढणें. आग विझल्यासारखी दिसली तरी काम संपत नाहीं. हातमोजा काढून, उघड्या हातानें राखेंत व मुळांखालीं चाचपून, कोठें ऊब राहिली आहे काय हें बोटांबोटांनीं पाहावें लागतें. ऋण, रोग आणि अग्नि यांचा शेष ठेवूं नये, असें आपले वाडवडील सांगत. त्या वचनाचें याहून तंतोतंत पालन आम्हांस ठाऊक नाहीं. सर्व थंड झाल्यावर छत्री, पोशाख व हत्यारें मिळून शंभर पौंडांचें अथवा त्याहूनही अधिक ओझें पाठीवर घेऊन, जवळची वाट गांठेपर्यंत मैलोगणती चालावें लागतें. येतांना आकाशांतून, जातांना पायीं!

हें काम निरनिराळ्या प्रकारच्या माणसांनीं केलें. दुसऱ्या महायुद्धांत तरुण मंडळी सैन्यांत गेल्यामुळें माणसांची वाण पडली. तेव्हां धर्मश्रद्धेमुळें शस्त्र हातीं घेण्यास नकार देणारे मेनोनाइट, क्वेकर आदि पंथांचे जे लोक होते, त्यांपैकीं अडीचशेंच्या सुमारास तरुणांनीं १९४३ ते १९४५ या काळांत हें काम पत्करलें. जे मारण्यास तयार नव्हते ते मरणास भीत नव्हते, हें त्यांनीं आपल्या कृतीनें दाखविलें. १९४५ च्या उन्हाळ्यांत सैन्याच्या ५५५ व्या छत्रीधारी पलटणींतील कृष्णवर्णी सैनिकांस याच कामावर धाडण्यांत आलें. जपाननें फुग्यांस बांधून सोडलेल्या बाँबांनीं अरण्यें पेटतील अशी त्या वेळीं भीति होती. गौरवर्णीयांबरोबर एका मेजावर बसून जेवण्याची जेथें त्यांस पुष्कळ ठिकाणीं मुभा नव्हती, त्याच देशाचीं अरण्यें त्यांनीं जिवावर उदार होऊन राखलीं. १९८१ सालीं डिअॅन शुलमन ही पहिली स्त्री या पथकांत दाखल झाली. ‘फायरमन’ या शब्दांत ‘पुरुष’ हें पद असल्यामुळें स्त्रिया त्या कामावर आल्यावर इंग्रजीस नवें नांव शोधावें लागलें. ‘स्मोकजंपर’ या शब्दास मात्र तेव्हां बदलावें लागलें नाहीं. शब्दाचें दार आधींच उघडें होतें. माणसांनीं उघडण्यास एकेचाळीस वर्षें लागलीं!

आतां या कुळकथेंतील दुःखाचा भाग सांगितला पाहिजे. तारीख ५ ऑगस्ट १९४९ रोजीं माँटाना संस्थानांत मिसूरी नदीच्या कांठीं ‘मॅन गल्च’ नांवाच्या घळींत आग लागली होती. उन्हाचा पारा फॅरनहाइट ९७ अंशांवर गेला होता. विमानांतून पंधरा जणांनीं उड्या घेतल्या. नऊ वर्षांपूर्वीं पहिल्या दिवशीं उडी घेणारा अर्ल कूली हाच त्या दिवशीं विमानांत बसून उडीची जागा ठरवीत होता. बिनतारी यंत्राची छत्री न उघडल्यामुळें तें यंत्र खालीं आपटून फुटलें. खालीं आल्यावर एक वनरक्षक त्यांस मिळाला, आणि ते सोळा जण नदीच्या रोखानें घळ उतरूं लागले. परंतु वाऱ्यानें ठिणग्या पुढें नेल्या होत्या. आग त्यांच्या व नदीच्या मध्यें पेटली आणि वाळलेल्या गवतांतून उभ्या चढणीवर त्यांच्या मागें धांवत सुटली. चढावर माणसाचा वेग घटतो, आगीचा वाढतो.

आग मागून अगदीं जवळ येऊन भिडली असतां नायक वॅगनर डॉज यानें एक विलक्षण गोष्ट केली. त्यानें कांडी ओढून आपल्याच पुढचें गवत पेटविलें, तें जळून गेल्यावर त्या राखेंत तो पालथा पडला, आणि इतरांसही तेथें येण्यासाठीं हांका मारल्या. जेथें जळण्यासारखें कांहीं उरलें नाहीं तेथें मोठी आग येऊन काय करणार? परंतु आगीपासून पळणाऱ्यांस, समोर आग लावणाराचें बोलणें कसें पटावें? ते पुढें पळाले. डॉज वांचला. दोघे जण वरच्या कड्यांतील फटींतून पलीकडे जाऊन वांचले. उरलेले तेरा जण गेले. त्यांतील बहुतेक विशीच्या आंतबाहेरचे. जमिनीस पाय लागल्यापासून जेमतेम दोन तासांच्या आंत हें सर्व घडलें. डॉजची ती युक्ति पुढें या कामाच्या शिक्षणांत समाविष्ट झाली, आणि आग कशी पसरते याचा शास्त्रीय अभ्यास वनखात्यानें जोरानें हातीं घेतला.

या आपत्तीचा आपल्या शब्दाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, त्या दुपारीं जी गोष्ट खालीं होती ती आतां ‘धूर’ राहिली नव्हती. विमान पोंचलें तेव्हांच आग पन्नास-साठ एकरांवर पसरली होती, आणि त्या उन्हांत व त्या वाऱ्यांत तिनें पाहतां पाहतां रौद्र रूप धारण केलें. नांवांतील पहिलें पद खोटें पडलें, कीं दुसरें पद किती भयंकर ठरूं शकतें, हें मॅन गल्चनें शिकविलें.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक धूर विझविलाच पाहिजे, ही समजूतही पुढें टिकली नाहीं. लहानलहान आगी अरण्यांतील पाला व झुडपें जाळून टाकतात. त्या सर्वच विझविल्या तर तें जळण वर्षानुवर्षें सांचत जातें आणि एखाद्या कोरड्या सालीं त्याचा हिशेब एकदम चुकवावा लागतो, असें शास्त्रज्ञांस दिसून आलें. म्हणून सकाळीं दहाचा तो दंडक १९७८ सालीं वनखात्यानें सोडून दिला. तेव्हांपासून कोणत्या धुरावर उडी घ्यावी व कोणता नजरेखालीं ठेवून जळूं द्यावा, याचाही विचार होऊं लागला. धंदा मात्र बंद पडला नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत तेथें स्मोकजंपरांची संख्या चारशेंच्या आसपास राहिली आहे.

आतां विग्रहाकडे वळूं. ‘धुरांत उडी मारणारा’ हा विग्रह चुकीचा, हें आपण पाहिलें. ‘धुराकडे उडी मारणारा’ हा त्याहून बरा. परंतु त्यांतही कांहीं उणें राहतें. आपल्याकडे मध्यमपदलोपी नांवाचा एक समास आहे. ‘कांदेपोहे’ म्हणजे कांदे आणि पोहे नव्हेत. कांदे घालून केलेले पोहे. ‘घालून केलेले’ हीं मधलीं पदें गळालीं आहेत, आणि खरी पाककृति त्यांतच आहे. आमच्या मतें ‘स्मोकजंपर’ या शब्दाचाही विग्रह याच रीतीनें केला पाहिजे : धूर दिसतांच उडी घेणारा. ‘दिसतांच’ हें पद गळालें आहे, आणि या धंद्याचें सारें मर्म त्या एका पदांत आहे. ज्वाला उठेपर्यंत थांबणारा मनुष्य कितीही शूर असला तरी त्याचें शौर्य उशिरां आलेलें असतें.

परीक्षेंत हा शब्द कोणी विचारणार नाहीं. तथापि आमच्या विद्यार्थी वाचकांनीं समास सोडवितांना एक संवय लावून घ्यावी. दोन पदें दिसलीं कीं लगेच विभक्तीचें नांव ठोकून न देतां, हा शब्द कोणीं, कोणत्या कामासाठीं योजिला हें आधीं विचारावें. आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलांनीं असा एखादा प्रश्न घरीं विचारला तर त्यास उत्तर देण्याचा कंटाळा करूं नये. जिज्ञासाही प्रथम धुराच्या रेघेइतकीच बारीक दिसते. फरक इतकाच कीं, ती विझवावयाची नसून फुंकर घालून फुलवावयाची असते.